धुतलेली फुप्फुसे

डॉ. ढुंढिराज गायधनी यांना पांढरे उंदीर हवे होते, आणि ते त्यांना द्यावेत की नाहीत हे ठरवणाऱ्या समितीवर माझी नेमणूक झाली होती. इतका सुबक योग देव आपल्या भक्तांनाही सहसा देत नाही. माझ्यासारख्या नास्तिकेला तो शासनाच्या एका परिपत्रकाने दिला.

साल २००६. प्रयोगशाळेतील प्राण्यांवर काही करायचे तर आधी नीतिसमितीची संमती घ्यावी आणि त्या समितीवर संस्थेबाहेरचा एक शास्त्रज्ञ असावा, हा नियम तोवर नाशिकमध्येही गांभीर्याने पाळला जाऊ लागला होता. ज्या विज्ञान संस्थेने मला एकदा दार दाखवले होते, तिनेच मला 'आदरणीय डॉ. साधना काकड' असे संबोधून बोलावले. पत्र लिहिणाऱ्या कारकुनाला इतिहास ठाऊक नव्हता. अज्ञानाचे असे उपकार अधूनमधून होत असतात.

तो इतिहास सांगायला हवा.

१९९४ साली मी त्याच संस्थेत गायधनी सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. विषय होता स्वादुपिंडाचा तीव्र दाह. स्वादुपिंड हा जठरामागे दडलेला अवयव. अन्न पचवणारी विकरे, म्हणजे एन्झाइम्स, तो तयार करतो आणि आतड्यात सोडतो. त्याला तीव्र दाह झाला की ही विकरे आपली वाट सोडून रक्तात उतरतात, आणि अन्न पचवण्यासाठी नेमलेला अवयव स्वतःलाच पचवू लागतो. संस्थांनाही हा विकार होतो. फक्त त्यांचे रक्त तपासण्याची सोय नाही.

उंदराच्या स्वादुपिंडाच्या नलिकेत पित्ताचा क्षार सोडून आम्ही हा दाह मुद्दाम निर्माण करत असू. मग फुप्फुस, मूत्रपिंड, यकृत हे दूरचे अवयव काढून, वाटून, त्यांच्या रसात अमायलेज या विकराची क्रियाशीलता किती आहे ते मोजत असू. मोजण्याची रीत गरीब पण प्रामाणिक होती. स्टार्चच्या पाण्यात आयोडीन घातले की गडद निळा रंग येतो. अमायलेज स्टार्च खाऊन टाकते. म्हणून रसात अमायलेज असेल तर काचेची नळी फिकी पडते, नसेल तर निळी राहते.

आजारी उंदरांच्या फुप्फुसाची नळी फिकी पडे. गायधनी सर ती खिडकीशी उजेडात धरत आणि म्हणत, "पाहिलंत? फुप्फुस सामील आहे." त्यांचा सिद्धान्त असा होता की स्वादुपिंड पेटले की दूरचे अवयव त्याला प्रतिसाद म्हणून हे विकर आपल्या पेशींत साठवून घेतात. त्याला त्यांनी 'अवयव-साद' असे नाव दिले होते. नाव सुंदर होते. नाव आधी सुंदर ठेवले की संशोधनातले पुष्कळ कष्ट वाचतात.

माझी शंका अगदीच गद्य होती. फुप्फुस हा रक्ताने भरलेला अवयव, आणि दाहाच्या वेळी त्या रक्तातच अमायलेजचा पूर आलेला असतो. मग नळी फिकी पडते ती फुप्फुसामुळे, की फुप्फुसात अडकलेल्या रक्तामुळे? घरात धूर दिसला म्हणून घर पेटले असे जाहीर करण्यापूर्वी शेजारी भट्टी आहे का, हे पाहावे. न्यायशास्त्राचा पहिल्या वर्गातला विद्यार्थीही इतपत सांगेल. उपाय सोपा होता. उंदीर गुंगीत असतानाच त्याच्या हृदयातून मिठाचे पाणी सोडायचे, रक्त पूर्ण निघून फुप्फुस पांढरे झाले की मगच ते वाटायचे.

मी हे चर्चेच्या तासाला मांडले. आमचा मखमलाबादला भाजीचा मळा होता आणि मुळा, गाजर, मेथी पाटाच्या पाण्यात धुतल्याशिवाय आमच्याकडे बाजाराची पाटी भरली जात नसे, हे सरांना माहीत होते.

"काकड," ते म्हणाले, "हा दिंडोरी रोडचा भाजीबाजार नाही. इथं माल धुऊन मांडायचा नसतो."

सगळे हसले. सरांचा पुतण्या मयुरेश माझ्याच टेबलावर काम करत असे. तो इतरांपेक्षा जरा जास्त वेळ हसला.

"आणि धुताना तुमचं अमायलेजही धुऊन जाणार," सर पुढे म्हणाले. "मग उरणार काय? मुळा?"

मी तरीही धुतले. आजारी उंदरांची फुप्फुसे धुऊन, वाटून, नळ्या मांडल्या. त्या निळ्या राहिल्या. सरांना दाखवायला गेले तेव्हा ते मान वर न करता म्हणाले, "मयुरेश, ते मोरीत ओत." मयुरेशने ओतले. महिन्याभरात 'हाताळणी अस्वच्छ, तंत्र सदोष' या शेऱ्यासह माझी नोंदणी रद्द झाली. धुणारीचे हात अस्वच्छ ठरवायला एक प्रकारची प्रतिभा लागते.

घरी आई मेथीच्या जुड्या बांधत बसली होती.

"मास्तरनं काढलं, का तू सोडलं?"

"काढलं."

"कामून?"

"धुतलं म्हणून."

तिने जुडीला गाठ मारली. "मंग त्यो काय मातीसकट खातो व्हय?"

पुढच्या वर्षी 'अवयव-साद' छापून आला. त्यातले फुप्फुसांचे आकडे माझे होते, अर्थात न धुतलेल्या फुप्फुसांचे. लेखक होते ढुंढिराज गायधनी आणि मयुरेश गायधनी. आभाराच्या परिच्छेदात उंदीरखान्याच्या शिपायाचेही नाव होते, माझे नव्हते. सरांचे घराणे रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांचे. कुठल्या तरी अनोळखी यात्रेकरूच्या खापरपणजोबाचे नाव त्यांच्या घरात आजही कोणी विचारले तर जुन्या वहीतून काढून दाखवतात. इतकी नावे पिढ्यान्पिढ्या सांभाळणाऱ्या घरातल्या विद्वानाला माझे एक नाव जड झाले.

मी पुण्याला गेले, दुसऱ्या विषयात पीएच.डी. केली, आणि नाशिकच्या एका महाविद्यालयात शिकवायला परत आले. मधल्या काळात मी एकच गोष्ट मनाशी धरून होते. मला त्यांची माफी नको होती. माफी ही मागणाऱ्याची चैन आहे. मला ती निळी नळी त्यांच्या डोळ्यांसमोर धरायची होती, आणि जे दिसले ते त्यांनी स्वतःच्या सहीने लिहून द्यायला हवे होते.

आता सर निवृत्त होत होते. संस्था त्यांच्यासाठी 'अवयव-साद संशोधन केंद्र' काढत होती, त्याची कोनशिला कोरून तयार होती, आणि केंद्राच्या पहिल्या प्रकल्पासाठी उंदीर हवे होते. त्यांचा अर्ज आमच्यासमोर आला.

समितीच्या अध्यक्ष होत्या प्राचार्या शुभांगी देवरे. सटाण्याकडच्या, वेळ वाया गेलेला त्यांना खपत नसे. सरांनी अर्धा तास सिद्धान्त समजावला. मग देवरे मॅडमनी माझ्याकडे पाहिले.

"माझी हरकत नाही," मी म्हणाले. "एक अट आहे. मोठ्या प्रकल्पाआधी थोड्या उंदरांवर चाचणी व्हावी. निम्म्यांची फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि यकृते रक्त धुऊन मोजावीत, निम्म्यांची न धुता. चाचणी समितीच्या सदस्यासमोर व्हावी."

सर खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीची मौज होती. "काकडबाई, अजून धुताय का तुम्ही?"

"हो, सर."

"बारा वर्षं?"

"डाग जुना आहे."

कोणीतरी खोकले. देवरे मॅडम म्हणाल्या, "पण सर, धुवायला जातंय काय? धुऊनही तेच निघालं तर उलट चांगलंच ना?"

"निघणार नाही," सर शांतपणे म्हणाले. "धुताना पेशीतलं विकरच निघून जातं. मी यांना तेव्हाही सांगितलं होतं."

"म्हणून अटीचा दुसरा भाग आहे," मी म्हणाले. "फुप्फुसाचं स्वतःचं एक विकर असतं, रक्तदाबाशी संबंधित. ते रक्ताचं नव्हे, त्याच्याच पेशींचं असतं. दोन्ही गटांत तेही मोजायचं. धुण्यानं पेशीतलं काही निघून जात असेल, तर तेही कमी भरेल. तसं झालं तर सरांचं बरोबर. मी अट मागे घेईन आणि सर्वांसमोर तसं सांगेन."

सर हसले. "मान्य. लिहून घ्या."

त्या हसण्याने मला बारा वर्षांत प्रथमच चकित केले. मी इतकी वर्षे एका लबाड माणसाचा द्वेष करत आले होते. लबाड माणसाने ही अट कधीच मान्य केली नसती. लबाडाला मोरीत काय ओतले ते ठाऊक असते. गायधनी सर श्रद्धाळू होते. त्यांनी माझ्या नळ्यांकडे कधी पाहिलेच नव्हते, म्हणून त्यांचा आपल्या सिद्धान्तावर निष्कलंक विश्वास होता. हे कळल्यावर माझा राग निवावा अशी कोणाची अपेक्षा असेल तर त्याने रागाचा अभ्यास केलेला नाही. लबाडाने निदान माझ्या कामाची दखल तरी घेतली असती.

चाचणीच्या दोन दिवस आधी मयुरेश माझ्या महाविद्यालयात आला. आता तो त्याच विभागात प्रपाठक होता, पोट सुटलेले, बोटात पुष्कराज. दाराशी उभा राहून त्याने स्टाफरूम रिकामी आहे ना ते पाहिले.

"ताई, बसू?"

"पूर्वी काकड म्हणायचास."

"पूर्वी आपण लहान होतो." तो बसला. "ते दुसरं विकर आहे ना, ते काढून टाका. पहिली अट राहू दे. धुवू आम्ही. हवं तितकं धुवू."

"का काढू?"

तो टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिला. "काकांना म्हणता येईल, धुताना निघून गेलं. त्यांना तेवढी जागा ठेवा. माणूस निवृत्त होतोय."

"म्हणजे नळ्या निळ्या राहणार, हे तुला माहीत आहे."

त्याने दाराकडे पाहिले.

"मयुरेश, त्या दिवशी ओतण्याआधी तू पाहिल्या होत्यास."

"ओतताना माणूस बघतोच ना," तो म्हणाला. "निळ्या होत्या. शाईसारख्या. पण काकांना कोण सांगणार? तुम्ही सांगितलंत, तुमचं काय झालं? आणि माझं नाव पहिल्यांदाच छापून येणार होतं."

"माझ्या आकड्यांवर."

"ते आहेच." पेपरवेट थांबला. "काकांना यातलं काही माहीत नाही, ताई. खरंच नाही. तुम्ही त्यांना सांगणार?"

"मी का सांगू? ते स्वतः बघतील."

तो उठला. दारातून वळून म्हणाला, "तुम्ही फार कडक झालात."

"खारवलेली आहे," मी म्हणाले. "धुण्याचं पाणी मिठाचंच असतं."

चाचणी सकाळी सुरू झाली. देवरे मॅडम स्वतः आल्या होत्या आणि दारापाशी स्टूल घेऊन बसल्या होत्या. सरांनी पुतण्याला बाजूला सारून चिमटा हातात घेतला. त्यांचे हात अप्रतिम होते, हे मला नमूद केले पाहिजे. गुंगीतल्या उंदराची छाती त्यांनी एका रेषेत उघडली, हृदयात सुई बसवली, आणि मिठाचे पाणी सोडले. लाल फुप्फुस आधी गुलाबी झाले, मग कडांनी फिकट, मग ओल्या कापसासारखे पांढरे. बाहेर येणारे पाणी स्वच्छ झाल्यावरही ते थोडा वेळ थांबले. धुण्यात कसूर राहिली असे कोणी म्हणू नये, याची त्यांनीच काळजी घेतली. ज्या कामासाठी त्यांनी मला हाकलले, ते काम मी आजवर इतके निगुतीने झालेले पाहिले नव्हते.

दुपारी नळ्या मांडल्या. न धुतलेल्या फुप्फुसांच्या नळ्या फिक्या पडल्या, अगदी त्यांच्या निबंधात होत्या तशा. सरांनी समाधानाने मान डोलावली. मग धुतलेल्यांच्या नळ्या. त्या निळ्या होत्या, आणि निळ्याच राहिल्या. निरोगी उंदराच्या नळीशेजारी ठेवल्यावर कोणती कोणाची ते चिठ्ठी पाहिल्याशिवाय ओळखता येत नव्हते. मूत्रपिंडाचेही तेच.

"विकर धुऊन गेलं," सर म्हणाले. "मी म्हटलंच होतं."

"दुसरी मोजणी बघू, सर," मी म्हणाले.

फुप्फुसाचे स्वतःचे विकर यंत्रावर मोजायचे होते. सरांनी स्वतः आकडे वाचले. न धुतलेले, धुतलेले. न धुतलेले, धुतलेले. दोन्हींत फरक नव्हता. पेशीतले काहीही निघून गेले नव्हते. गेले होते ते फक्त रक्त, आणि त्याच्याबरोबर 'अवयव-साद'.

त्यांनी यंत्र पुसले आणि पुन्हा मोजले. मग चष्मा काढला. देवरे मॅडम मोबाइलकडे पाहत बसल्या, ज्यात काहीही नव्हते.

"यकृत राहिलंय," मी म्हणाले.

धुतलेल्या यकृताची नळी मात्र निरोगी उंदराच्या नळीपेक्षा थोडी फिकी पडली होती. पूर्ण नाही, पण निश्चित. मला ते अपेक्षित नव्हते. मी ते तिथेच मोठ्याने सांगितले: यकृतात रक्तापलीकडचे काहीतरी उरते आहे आणि ते खरे आहे. मनाला ते कडू लागले. पण अचूकता सोडली तर सूडात आणि शिवीगाळीत काही अंतर उरत नाही.

सरांनी ऐकले नसावे. ते मयुरेशकडे पाहत होते. मयुरेश हात मागे बांधून भिंतीशी उभा होता.

"मयुरेश," ते म्हणाले, "तुला आश्चर्य नाही वाटलं?"

"वाटलं ना, काका."

"नाही वाटलं. मी बघत होतो."

सर त्याच्याकडे बघतच राहिले, आणि मोरीकडे त्यांची नजर गेली तेव्हा त्यांना सारे कळले असावे. हातमोजे काढून, एकात एक घालून त्यांनी ते नीट टेबलावर ठेवले आणि बाहेर गेले. हा क्षण मी बारा वर्षे मनात रंगवला होता. तो माझ्या कल्पनेपेक्षा सरस निघाला, कारण माझ्या कल्पनेत मयुरेश नव्हता.

समितीने मोठ्या प्रकल्पाला संमती दिली नाही. खोट्या ठरलेल्या गृहीतकासाठी प्राणी मारता येत नाहीत, हे देवरे मॅडमनी दोन ओळींत लिहिले. कोनशिला कुठे ठेवली ते मी विचारले नाही.

पुढच्या आठवड्यात सर एकटेच माझ्याकडे आले. त्यांना जिना चढवत नव्हता, म्हणून मी खालच्या प्रयोगशाळेत बसले. त्यांनी पिशवीतून टाइप केलेली पाने काढली. नवा निबंध होता: फुप्फुस आणि मूत्रपिंडाबाबतच्या आधीच्या निष्कर्षांची दुरुस्ती, आणि यकृताबाबत नवे निरीक्षण. लिखाण स्वच्छ होते. लेखकांच्या जागी पहिले नाव माझे होते, दुसरे त्यांचे. मयुरेशच्या नावावर पेनाने रेघ मारली होती.

"तुमचं पहिलं ठेवलंय, साधनाताई," ते म्हणाले. "पद्धत तुमची. यकृताचं तर पूर्ण श्रेय तुमचंच. ते न धुता दिसलंच नसतं."

इतक्या वर्षांत त्यांनी मला प्रथमच माझ्या नावाने हाक मारली. आणि त्यांचा हात अजून तेच करत होता: एक नाव घालायचे, एक खोडायचे.

"माझं नाव काढा, सर."

त्यांना कळले नाही. "अहो, पहिलं आहे."

"म्हणूनच. माझं नाव असलं की वाचणारा म्हणेल, दोघांनी मिळून एक गुंता सोडवला. गुंता दोघांचा नव्हता."

"म्हणजे चूक माझ्या एकट्याच्या नावावर."

"शोध एकट्याच्याच नावावर होता ना. एकट्याच्या म्हणजे तुम्हा दोघांच्या. मयुरेशचं खोडलंत, ते परत घाला. पहिल्या निबंधावर तो होता, यावरही असेल."

"मी त्याच्याशी बोलत नाही."

"सही तर घ्यावी लागेल."

त्यांनी पाने पुढे ओढली. माझे नाव त्यांनी खोडले. यावेळी माझ्या सांगण्यावरून. मग मयुरेशचे नाव पुन्हा लिहिले. पद्धतीच्या परिच्छेदावर मी बोट ठेवले. तिथे होते: 'अवयव धुऊन मोजण्याची ही पद्धत १९९४ मध्ये या प्रयोगशाळेत सुचवली गेली होती, परंतु तिच्याकडे दुर्लक्ष झाले.'

"कोणी सुचवली?" मी विचारले.

त्यांनी माझे नाव लिहिले.

"दुर्लक्ष कोणाचं झालं?"

बाहेर मुलांचा प्रॅक्टिकलचा गोंगाट सुरू झाला. मग त्यांनी ते शब्द खोडून वर लिहिले: 'प्रथम लेखकाने तिचे निष्कर्ष न पाहता ती नाकारली.' त्यांची भाषा नेहमीच चांगली होती.

मी पान वाचले, तळाशी सहीची जागा दाखवली, आणि त्यांनी सही केली. पाने पिशवीत घालून ते उठले, दारापर्यंत गेले, आणि तिथे थांबले.

"झालं समाधान?"

"नाही, सर," मी म्हणाले. "पण निबंध आता बरोबर आहे."